सकाळपर्यंत हवा टिकली पाहिजे

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या फूफीचा मुलगा गोव्याहून आला. खडवली स्टेशनपासून घरापर्यंत तो भिजतच आला होता आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर दोन लांबुळक्या पिशव्या होत्या. अम्मीला वाटलं, भाईने तंबू आणले. एक पिशवी उघडली तर आतून निळ्या-पिवळ्या कापडाची भलीमोठी घडी निघाली. "पतंग आहे," तो म्हणाला. दादी चष्मा लावून पुढे आली आणि तिने विचारलं, "एवढा पतंग उडवतं कोण? आणि मांजा कुठे आहे?"

आम्ही दोघी बहिणी हसलो खऱ्या, पण पतंग पसरायला घेतला तेव्हा आमचीही बोटं तोंडात गेली. पुढची खोली, मधला दरवाजा आणि स्वयंपाकघराचा उंबरा एवढी जागाही त्याला पुरेना. बारा चौरस मीटरचा पतंग होता तो.

भाई मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काम करतो. थंडी सरल्यावर उन्हाळ्याच्या दुपारी तिथे समुद्रावरून चांगला वारा सुटतो. लोक कमरेला पट्टा बांधून, पायाखाली फळी घेऊन, वीस-बावीस मीटर लांब दोऱ्यांच्या या पतंगामागे पाण्यावरून धावतात. तमिळनाडूत रामेश्वरमलाही हा खेळ चालतो. पाऊस सुरू झाला की गोव्याचे किनारे ओस पडतात, झोपड्या निघतात आणि भाईसारख्या मुलांचं काम संपतं. त्या वर्षी मालकाने शेवटच्या महिन्याचा पगार पैशात दिलाच नाही. त्याऐवजी हवा न टिकणारे दोन जुने पतंग दिले आणि म्हणाला, दुरुस्त करून विक, पगारापेक्षा जास्त मिळतील.

फूफी आजारी होती आणि औषधांची उधारी साचली होती. म्हणून भाई तडक आमच्याकडे आला. कारण आमच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान आहे.

'पंक्चर काढणारे' हा शब्द आपल्या लोकांना टोमणा म्हणून किती वेळा ऐकवला जातो, हे वाचकांना सांगायला नको. आमच्यातल्या मोठीने तो शाळेत ऐकला, धाकटीने कॉलेजात. आम्ही दोघी त्याच दुकानाच्या कमाईवर शिकलो. मोठी आता कल्याणला हिशेबाच्या कार्यालयात जाते, धाकटी बी.एस्सी. करते. पण सुट्टीच्या दिवशी अजूनही आम्ही दुकानात बसतो. टॉमी लावून टायर उचकटणं, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवून बुडबुडे शोधणं, कानस मारून सोल्यूशन लावणं आम्हाला लहानपणापासून येतं. वॉलची पिन गळते का, हे बघायला वॉलच्या तोंडावर थुंकीचं बोट लावायचं आणि फुगा येतो का बघायचं, हेही अब्बांनीच शिकवलं.

या पतंगाचं मर्म त्याच्या हवेत आहे. समोरच्या काठाला मनगटापासून मांडीएवढी जाड नळी असते आणि तिला जोडून आडव्या तीन-चार बारीक नळ्या. नळीचं बाहेरचं कापड जाड आणि न ताणणारं असतं. आत पातळ, अर्धपारदर्शक प्लास्टिकची पिशवी असते. टायर आणि ट्यूब यांचं नातं जसं, तसंच या दोघांचं. पिशवीला वॉल चिकटवलेला असतो आणि तो कापडाच्या भोकातून बाहेर डोकावतो. हातपंपाने हवा भरली की नळ्या ताठ होतात आणि पतंगाला आकार येतो.

हवा तरी किती? सहा ते आठ पौंड. मोटारीच्या टायरला तीस-बत्तीस लागते, ट्रकला शंभराच्या वर. अब्बा आकडा ऐकून म्हणाले, "एवढ्याशा हवेवर माणूस समुद्रात जातो?"

जातो, आणि परत येतो तोही याच हवेच्या भरवशावर. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या दोन भावांनी १९८४ साली अशा हवेच्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट नोंदवलं आणि १९९७ मध्ये तो 'विपिका' नावाने बाजारात आणला. साधा पतंग पाण्यात पडला की भिजून बुडतो. हा मात्र तरंगतो आणि दोरी ओढून पाण्यावरूनच पुन्हा उठवता येतो. नळीतली हवा गेली तर समोरचा काठ मधेच दुमडतो. मग पतंग उठत नाही आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या माणसापाशी एक फळी आणि दोऱ्यांचा गुंता एवढंच उरतं.

हे सगळं भाईनेच सांगितलं. सांगितलं आणि लगेच म्हणाला, "मामू, फार काही नाही. वॉलच्या बुडाशी थोडी हवा जाते. सोल्यूशन लावून द्या. पुण्याच्या एका मुलाला शिकायचंय, तो पुढच्या आठवड्यात बघायला येतोय."

अब्बा दुकानात गिऱ्हाइकांत अडकले होते. काम आम्हीच अंगावर घेतलं.

पहिल्या पतंगात हवा भरून वॉलभोवती साबणाचा फेस लावला. वॉलच्या तोंडाशी बुडबुडे आले असते, तर आतल्या झडपेत वाळू अडकली आहे आणि गोड्या पाण्याने धुतलं की काम झालं, असं समजलो असतो. पण बुडबुडे येत होते ते वॉलच्या बैठकीच्या कडेने, जिथे ती पिशवीला चिकटते तिथे. कड बोटाने दाबली तर नखाएवढी उचलली जात होती. बंद गाडीत तापून, घडीखाली चेपून आणि वयाने जुना गोंद सुटला होता. आम्ही कड पुसली, कानस हलकी फिरवली, सोल्यूशन लावलं, सुकू दिलं, दाबलं आणि वरून रबराचा गोल पॅच बसवला. हवा भरली. पतंग ताठ! दोन तास झाले तरी तसाच. भाईने आनंदाने अम्मीच्या हातच्या चार भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी उठलो तर पतंग जमिनीला लागला होता. पॅच ओढला तर खरूज निघावी तसा अख्खा हातात आला.

त्यावर भाई जे बोलला ते आम्हाला आजही आठवतं. त्याचं फार चुकलं असं आम्ही म्हणत नाही, गरज माणसाला बोलायला लावते. तो म्हणाला, "दोन तास टिकलं ना? बघायला येणारा मुलगा दोन तास थोडाच बसणार आहे. जुना माल आहे, हे त्यालाही ठाऊक आहे."

खरं सांगायचं तर, आमच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. फूफीच्या औषधांची चिठ्ठी आम्ही पाहिली होती.

अब्बा दारात उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "हा पतंग घेऊन माणूस पाण्यात किती वेळ असतो?"

भाई म्हणाला, "दोन तास. कधी तीन."

अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ घरात फक्त आम्हालाच कळला.

खडवलीला आलेल्या प्रत्येकाला भातसा नदी ठाऊक आहे. उन्हाळ्यात कसाऱ्याच्या लोकलमधून सुट्टीची माणसं डबे, चटया आणि मुलं घेऊन उतरतात. पाणी वरून शांत दिसतं, पण मधेच डोह आहेत. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं मूल या नदीत जातं. पावसाळ्यात काठावर जायला बंदीचे आदेश निघतात. ४ ऑगस्ट २०१९ ला पूर आला तेव्हा जवळच्या जू-नांदखुरी गावात अडकलेल्या ५८ जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं होतं. पण आमची गोष्ट पुराची नाही. ती मे महिन्यातली आहे, स्वच्छ उन्हातली.

तेव्हा मोठी तेरा वर्षांची होती आणि धाकटी दहाची. अब्बा ट्रकच्या जुन्या ट्यूब हवा भरून नदीवर येणाऱ्यांना भाड्याने देत. मे महिन्याची ती चांगली कमाई होती. एका रविवारी अब्बा नमाजला गेले असताना शहरातून आलेलं एक कुटुंब ट्यूब मागायला आलं. सगळ्या चांगल्या ट्यूब गेल्या होत्या. एक उरली होती, तिच्या वॉलच्या बुडाशी हवा जात होती. आम्ही दोघींनी सोल्यूशन थापलं, वर पट्टी गुंडाळली, हवा भरली. घमेल्यात बुडवून पाहिलं, बुडबुडा नाही. "चालेल," असं आम्हीच म्हटलं. भाडं घेतलं आणि गल्ल्यात टाकलं.

तासाभराने त्या ट्यूबवर बसलेला मुलगा डोहाच्या मध्यावर होता आणि ट्यूब मऊ पडत चालली होती. काठावर जाळं झटकणाऱ्या एका काकांनी उडी मारली आणि त्याला केसाला धरून आणलं. मुलगा वाचला, अल्लाहचे लाख आभार. खोकला, ओकला, रडला. त्याची आई ट्यूब परत द्यायला आली. ती भांडली नाही, ओरडली नाही. ट्यूब दुकानासमोर ठेवली आणि म्हणाली, "तुमची आहे." तिचे हात थरथरत होते.

अब्बांनी आम्हाला मारलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी भाड्याच्या सगळ्या ट्यूब चाकूने कापल्या आणि त्यांच्या पट्ट्या केल्या. सायकलच्या कॅरिअरला सामान बांधायला त्या पुढे कित्येक वर्षं पुरल्या. कापताना ते म्हणाले, "रस्त्यावर हवा गेली तर माणूस उतरून चालत जातो. पाण्यात उतरून जाणार कुठे?" त्यानंतर आमच्या दुकानातून नदीवर कधी ट्यूब गेली नाही. मे महिन्याची ती कमाई संपली. अम्मीने शिलाईची कामं वाढवली आणि तूट तिने भरून काढली.

म्हणून त्या सकाळी अब्बांनी पाहिलं, तेव्हा आम्हाला वेगळं काही सांगावं लागलं नाही. मोठीने भाईला सांगितलं, "पुण्याच्या मुलाला कळव, पतंग अजून तयार नाही."

मग आम्ही काम नीट शिकायला बसलो. सोल्यूशन का धरत नाही, हे धाकटीने शोधलं. आमचं सोल्यूशन रबरासाठी असतं. ते रबरात मुरतं आणि पॅचच्या रबराशी एकजीव होतं. ही पिशवी रबराची नाहीच, ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकची. तिच्यावर आमचं सोल्यूशन वरवर सुकतं, मुरत नाही. ट्रकच्या ट्यूबसारखं गरम पंक्चर करावं तर ती वितळणार. तिला पॉलियुरेथेनचाच गोंद हवा, नाहीतर बैठकीला चिकट थर दिलेला तयार वॉल. भाईने असे दोन वॉल मागवले. ते यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या काळात तो पडघ्याला एका गोदामात हमाली करत होता.

वॉल आल्यावर खरं काम सुरू झालं. पिशवी बाहेर काढण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना लांब नाडी बांधायची, म्हणजे पिशवी निघाली तरी नाडी नळीतच राहते आणि नंतर तिच्याच आधाराने पिशवी परत ओढून घेता येते. सलवारीत नाडी ओवणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागलं नाही. बाहेर काढलेली पिशवी न्हाणीघरात टबात थोडी थोडी बुडवून पूर्ण तपासली, कारण वॉल गळतो म्हणून दुसरीकडे भोक नसेलच असं नाही. तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढे बुडबुडे सापडले.

जुना वॉल अलगद सोडवला. जुन्या गोंदाचा कण न् कण बोटाने चोळून काढला. स्पिरिटने पुसून जागा कोरडी केली. पावसाळ्यात कोरडं करणं हेच मोठं काम होतं. शेवटी दादीच्या खोलीत पंखा लावून, दार बंद करून बसलो. काचेच्या पाटावर पिशवी पसरली, एकही सुरकुती राहू दिली नाही, नवा वॉल मधोमध टेकवला आणि मधून कडेकडे अंगठ्याने दाबत गेलो. एकदा टेकला की उचलून पुन्हा बसवता येत नाही. त्यावर वजन म्हणून खलबत्ता ठेवला आणि चोवीस तास कुणी हात लावायचा नाही, असं घरात सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी कडेला उघडा राहिलेला चिकटपणा मारायला टाल्कम पावडर लावली. सगळ्या पिशवीलाही लावली, म्हणजे ती कापडाच्या नळीत सुरकुतत नाही, सरकते.

इथे अम्मी कामाला आली. वॉल बाहेर येतो त्या भोकाची कड विरली होती. तिथून पिशवी फुगून बाहेर आली असती, तर नवा वॉलही उचकटला असता. अम्मीने पतंगाचं कापड बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, "पॅराशूटसारखं आहे, पण धागा साधा चालणार नाही." तिने पॉलिस्टरचा जाड धागा घेतला, गोल ठिगळ कापलं आणि पिकोच्या मशीनवर नागमोडी टाक्याने शिवलं. शिवताना पिशवी नळीत नाही ना, हे तिने तीनदा विचारलं. दुकानातलं आणि शिलाईमशीनवरचं, अशी आमच्या घरातली दोन्ही कामं एका वस्तूवर लागण्याची ती पहिलीच वेळ होती.

पिशवी परत ओढून घेतली. थोडी हवा भरून कुठे पीळ पडला नाही ना, हे हाताने चाचपलं. वॉल भोकासमोर सरळ आला. मग पूर्ण हवा भरली.

रात्रभर पतंग खोलीतच होता. दादी त्याच्या कमानीखाली झोपली आणि म्हणाली, मच्छरदाणीपेक्षा बरं आहे. आमची झोप मात्र धड झाली नाही. फजरच्या अजानला उठलो तेव्हा आमच्याआधी अब्बा तिथे उभे होते. त्यांनी टायर दाबून बघावा तशी मुठीने नळी दाबली. ती रात्रीइतकीच टणक होती. ते "हं" म्हणाले आणि वजूला गेले. त्यांच्या दुकानात याहून मोठी शाबासकी आम्ही कधी ऐकली नाही.

दुसऱ्या पतंगाचं काही जमलं नाही. वॉल बसला, पण पिशवी घडीघडीवर झिजली होती. एक भोक बुजवलं की पुढे दुसरं. भाईचा चेहरा उतरला. अब्बांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे होणार नाही, असं सांगणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे, बेटा." त्या पिशवीचा धड भाग कापून पॅचसाठी ठेवला आणि कापड अम्मीने घेतलं. त्या निळ्या कापडाच्या थैल्या घेऊन आमच्या गल्लीतल्या बायका अजून बाजारात जातात.

पुण्याचा मुलगा श्रावणातल्या एका रविवारी आला. भाईने त्याच्यासमोर पतंग फुगवला आणि आम्ही लिहिलेला कागद हातात दिला. कोणता वॉल बदलला, कुठे तीन ठिगळं आहेत, पिशवी किती जुनी वाटते, दर वेळी पाण्यात जाण्याआधी किती वेळ फुगवून ठेवून बघावं, असं सगळं त्यावर होतं. तो मुलगा कागद दोनदा वाचून म्हणाला, "इतके दोष लिहून कुणी विकतं का?" त्याने भाव थोडा पाडला, पण पतंग घेतला. दोन पतंगांचे मिळणार होते, त्याच्या निम्म्याहून कमी पैसे भाईच्या हातात पडले. उधारी पूर्ण फिटली नाही. उरलेली अब्बा आणि फूफी मिळून महिन्या-महिन्याने फेडतात.

ऑक्टोबरच्या शेवटी भाई गोव्याला परत गेला, वेगळ्या मालकाकडे. डिसेंबरात त्याच्याकडून एक खोकं आलं. त्यात तीन पिशव्या होत्या, वॉल सुटलेल्या, आणि चिठ्ठीत लिहिलं होतं की पुण्याच्या मुलाचा पतंग टिकला आहे आणि त्याने तो कागद किनाऱ्यावर चार जणांना दाखवला. तिन्हीपैकी दोन आम्ही दुरुस्त केल्या. तिसरी 'होणार नाही' असं लिहून परत पाठवली.

परवा दुकानात एक बाई आल्या. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती आणि हातात फुगवायची पोहण्याची रिंग. "वॉलपाशी हवा जाते, जरा चिकटवून द्या. उद्या नदीवर जायचंय," त्या म्हणाल्या. आम्ही रिंग फुगवली, फेस लावला, कडेने बुडबुडे आले. धाकटीने हवा सोडून रिंग त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "ताई, ही घरी टबात खेळायला ठेवा. नदीसाठी चिकटवून देणार नाही." बाई जरा नाराज झाल्या. "दहा रुपयांच्या कामाला नाही म्हणता," असं पुटपुटत गेल्या.

अब्बा आत टायर उचकटत होते. त्यांनी मान वर केली नाही. फक्त टॉमी खाली ठेवून आमच्यासाठी दोन चहा सांगितले.